मन तेवढं घेते

गुनसान शहरात कोणाला अवघड म्हातारा हवा असला, की मला बोलावतात. माझ्या बायकोचं म्हणणं असं, की इतकी वर्षं हे काम मी घरात फुकट करत होतो. आता त्याचं मानधन मिळतं, एवढाच काय तो फरक.

काम सोपं आहे. समाजकार्य करणाऱ्या मंडळींना आमच्याकडे दरवर्षी सक्तीने प्रशिक्षणाला बसावं लागतं. नोकरीला लागून वीस वर्षं झाली तरी सुटका नाही. काळ बदलतो, माणसांची दुःखंही नवनवीन निघतात, तेव्हा शिकत राहिलं पाहिजे, असं सरकारचं मत आहे. सरकारला स्वतःला काही शिकावं लागतं की नाही, याची चौकशी मी केलेली नाही. तर तिथे शिकवलेलं लगेच करून बघायला एक खोटा माणूस लागतो. तो मी. मी आजवर दारुडा झालो आहे, घरभर रद्दी साठवणारा झालो आहे, रोज सकाळी कल्याणकेंद्राला फोन करून शिव्या घालणारा झालो आहे. एकदा तर दहा वर्षं खोलीबाहेर न पडलेल्या मुलाची आई झालो होतो, कारण आई होणारी बाई आजारी पडली. ती भूमिका फार गाजली. पूर्वी मी वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करायचो. आता लोक माझ्यावर सहानुभूतीचा सराव करतात. न्याय कधी ना कधी मिळतोच.

या सरावाची सवय लागते, हे मात्र खरं. एकदा बायको म्हणाली, "मोरीचा नळ गळतोय." मी मान तिरपी करून, डोळ्यांत डोळे घालून म्हणालो, "असं झालं होय! किती जड गेलं असेल तुम्हाला!" तिने पाना आणून माझ्या हातात दिला.

पण थट्टा बाजूला. ही मंडळी मला मनापासून आवडतात. त्यांच्यात ब्यन दल-सू म्हणून एक पन्नाशीचा आडदांड गडी आहे. त्याच्या पिशवीत कायम मोज्यांचे जादा जोड असतात. दुसऱ्याच्या घरात शिरताना बूट बाहेर काढायचे, आणि आतली जमीन कशीही असली तरी तोंड वाकडं करायचं नाही. मग बाहेर येऊन जिन्यात मोजे बदलायचे. "मास्तर," तो मला म्हणाला होता, "लोक म्हणतात समाजकार्याला मोठं मन लागतं. मन असेल तसं असो. मोजे लागतात."

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बंदराजवळच्या टेकडीवर जे कल्याणकेंद्र आहे, तिथे प्रशिक्षण होतं. विषयाचं नाव कापडी फलकावर एका ओळीत मावलं नव्हतं: 'बदलत्या काळातील समाजकार्य : प्रत्यक्ष कामातील सद्यकालीन आव्हाने'. 'आव्हाने' बिचारी खालच्या ओळीत एकटीच लोंबत होती. दोन मंगळवारी दोन भाग. जमीन खालून तापवलेली, पोटात जेवण, त्यामुळे पहिलं सद्यकालीन आव्हान झोप हेच होतं. मागच्या टेबलावर संत्र्यांचा ढीग आणि कॉफीच्या पुड्या. आमच्याकडे पुडी फोडून कॉफी कपात ओततात आणि त्याच रिकाम्या पुडीने ढवळतात. चमचा मागणारा माणूस परगावचा समजावा.

शिकवायला मेंग जंग-ही बाई होत्या. साठीच्या, ठेंगण्या, आवाज कोळणीचा. त्यांनी आधी तीस वर्षं घरोघर फिरून काम केलं आणि मग शिकवायला लागल्या. त्यांचा नियम एकच: पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही. स्वतःचं, आज अडलेलं, ज्याने झोप उडाली आहे असं काम घेऊन यायचं.

"कोणाचं दार उघडत नाहीये?" त्यांनी विचारलं.

सगळे कॉफीच्या कपात बघायला लागले. मग बान ह्ये-रिम उभी राहिली. चाळिशीची, केस मागे घट्ट बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. ती याच केंद्रात काम करायची, आणि पहिल्या रांगेत तिचे संचालक योम गी-सप साहेब स्वतः बसले होते. साहेबांसमोर आपलं अडलेलं सांगायला काय लागतं, हे ज्याने नोकरी केली आहे त्यालाच कळेल. ही सांगायला लागली.

"एक आजोबा आहेत. त्यांना आपण प्यो म्हणू." खरं नाव सांगायचं नाही, हा त्यांचा रिवाज. "वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळलं. बायको गेली, मुलगी परदेशात, फोन नाही. बंद पडलेल्या माशांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर राहतात. आपल्याकडून दर गुरुवारी त्यांना जेवणाचा डबा जातो. मीच घेऊन जाते. उन्हाळ्यात दार उघडायचे, दोन शब्द बोलायचे. शरद ऋतूपासून दार बंद. मी डबा मुठीला अडकवते. जिना उतरून खाली आले की वर कडी वाजते, डबा आत जातो. म्हणजे जेवतात. पण तोंड दाखवत नाहीत. आणि डबाही परत देत नाहीत."

'डबा' म्हटल्यावर योम साहेब खुर्चीत सरळ झाले. ते डबे त्यांचे लाडके होते. आधी केंद्रातून प्लास्टिकच्या फेकून द्यायच्या खोक्यांत भाजी जायची. साहेबांनी ती खोकी बंद करून स्टीलचे, झाकणाला खटके असलेले, धुऊन परत करायचे डबे आणले. त्याबद्दल नगरपालिकेने त्यांना काचेचं मानचिन्ह दिलं होतं, ते प्रवेशद्वारातच ठेवलेलं असे; आत येणाऱ्याने बूट काढायला वाकलं, की आपोआप त्याला नमस्कार घडायचा.

"डबे कमी पडायला लागलेत," साहेब म्हणाले. "साठवून ठेवण्याचा विकार दिसतो."

"असेल साहेब," ह्ये-रिम म्हणाली. "पुढच्या मंगळवारी संध्याकाळी बैठक आहे. तोवर माणूस समोर दिसला नाही, तर 'सेवा नाकारली' असं ठरवून हे काम बंद होईल. नुसता डबा पोचवणं म्हणजे सेवा नव्हे, माणूस डोळ्यांनी दिसला पाहिजे, हा नियम आहे. आणि तो बरोबरच आहे. रांगेत दुसरी माणसं आहेत." ती थांबली. "फक्त एवढंच, की त्या दारावर मी सोडून कोणीच थाप मारत नाही. मी थांबले की सगळ्या शहरात त्या दारावर थाप मारणारं कोणी उरणार नाही. पुढे कधीतरी वासावरून कळेल."

हे तिने आवाज न चढवता सांगितलं. खोलीतली झोप मात्र गेली. तिथल्या प्रत्येकाने एकदा तरी वासावरून कळलेलं दार पाहिलं होतं.

"मास्तर," मेंग बाई मला म्हणाल्या, "व्हा प्यो."

मी प्यो झालो. एक घडीची लाकडी पडदी होती, तिच्यामागे खुर्चीवर जाऊन बसलो. ती पडदी म्हणजे दार. ह्ये-रिम बाहेर उभी राहिली, हातात केंद्राच्या डब्याऐवजी ब्यनभाऊंचा स्वतःचा जेवणाचा डबा.

टक टक.

"आजोबा, मी केंद्रातली बान. थंडी वाढलीय. गुडघा कसा आहे?"

मी गप्प.

"आज काळे दाणे आहेत सोयात शिजवलेले, आणि मुळा आहे. मुळा जरा तिखट झालाय म्हणे, मी सांगितलं होतं कमी घाला."

मी खोकलो. अवघड म्हाताऱ्याने मधूनमधून खोकावं लागतं.

"मी घाईत नाही आजोबा. जिन्यात बसते. बोलायचं नसेल तर नका बोलू."

आणि ती खरंच पडदीला टेकून खाली बसली. गोडगोड बोलली नाही, दम दिला नाही, 'असं झालं होय' तर एकदाही म्हणाली नाही. मी भल्याभल्यांना दाराबाहेर रडवलं आहे. पण हिच्या त्या गप्प बसण्याने मला पडदीमागे अगदी चोरट्यासारखं वाटायला लागलं. माझा हात दोनदा पडदीकडे गेला. तरी उघडायचं कारण सापडेना आणि न उघडायचंही सापडेना. शेवटी मीच ओरडलो, "मेंग बाई, हिचं काही चुकत नाहीये. हा म्हातारा मूर्ख आहे!"

लोक हसले. मग सल्ले सुरू झाले. आमच्याकडे प्रशिक्षणात दुसऱ्याचं काम निघालं, की प्रत्येकाला उत्तर येतं. कोणी म्हणालं, डॉक्टरला घेऊन जा. कोणी म्हणालं, केंद्राचा अंगरखा घालून जात असशील, शेजाऱ्यांत लाज वाटत असेल. ह्ये-रिम म्हणाली, अंगरखा जिन्याखाली काढून पिशवीत कोंबते. एक जण म्हणाला, नैराश्य. ब्यनभाऊ म्हणाले, "त्याला सांग, साहेब डब्यासाठी जेवत नाहीयेत."

"ब्यन," साहेब म्हणाले.

"गंमत साहेब."

मेंग बाईंनी टाळी वाजवली. "जागा बदला. बानबाई, तुम्ही आत जा, प्यो व्हा. मास्तर बान होतील."

ही त्यांची जुनी चाल. दाराबाहेर कितीही हुशार असलं, तरी आतून दार कसं दिसतं ते आत बसल्याशिवाय कळत नाही. मी ओळखपत्र गळ्यात अडकवलं, केस मागे बांधल्याचा अभिनय केला. बांधायला फार काही नव्हतंच. पडदीमागे ह्ये-रिम बसली. तिच्या हातात ब्यनभाऊंचा रिकामा डबा दिला: हा गेल्या आठवड्याचा, धुतलेला, परत द्यायचा.

"दार उघडं आहे असं धरा," बाई म्हणाल्या. "अजून बंद झालेलं नाही. शरद ऋतूतला गुरुवार आहे."

मी टक टक केलं. पडदी बाजूला झाली. मी बारीक आवाजात म्हणालो, "आजोबा, डबा आणलाय! मागचा देता का?"

तिने हातातला डबा पुढे केला. आणि अर्ध्यावर हात थांबला.

ती डब्याकडे बघायला लागली. मग इकडेतिकडे बघितलं. मला वाटलं ही आपलं वाक्य विसरली. ती उठली, डबा हातात धरूनच मागच्या टेबलापर्यंत गेली, दोन संत्री उचलली, एक टवटवीत नव्हतं ते परत ठेवून दुसरं घेतलं, डब्यात घातली, झाकण लावलं, येऊन माझ्यासमोर धरलं. कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कुठल्याही आईने लहानपणी हातावर चापट मारून शिकवलेलं असतं: शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मीठ घाल, दोन मिरच्या घाल, पण रिकामं नको. ते डोक्यात नसतं, हातात असतं.

आता माझी पाळी. समाजकार्य करणाऱ्यांना लाभार्थ्यांकडून काहीही घ्यायला मनाई आहे. संत्रंसुद्धा. त्यावर गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात एक आख्खी दुपार खर्ची पडली होती, आणि नाही म्हणताना माणूस दुखावू नये म्हणून एक वाक्यही सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. ते मला पाठ होतं, कारण त्या दुपारी मी एका मागोमाग एक सगळ्यांना सफरचंदं देणारा म्हातारा होतो. मी तेच वाक्य हसऱ्या चेहऱ्याने म्हटलं. दोन्ही हातांनी डबा मागे सारला आणि म्हणालो, "अहो आजोबा, नको नको! आम्हाला घेता येत नाही. मन तेवढं घेते!"

ह्ये-रिमचे कान लाल झाले. डबा तिने छातीशी ओढून घेतला. ती खेळत नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

"गाम," ती म्हणाली.

"काय?" बाईंनी विचारलं.

"गामची फळं होती. त्यांच्या इमारतीमागे झाड आहे. तीन फळं, इतकी पिकलेली की डब्याला चिकटली होती. मी..." तिने माझ्याकडे बघितलं. "मी हेच म्हणाले. असंच हसून. मन तेवढं घेते. फळं त्यांच्या हातात काढून दिली आणि रिकामा डबा पिशवीत टाकला. ते म्हणाले, बरं. त्याच्या पुढच्या गुरुवारपासून दार बंद."

"हे आधी का नाही सांगितलंस?" ब्यनभाऊ म्हणाले.

"काही घडलंय असं वाटलंच नाही. नियमाप्रमाणे केलं होतं."

बाहेर बंदरावर बोटीचा भोंगा वाजला, तोही जरा लाजल्यासारखा. मग ह्ये-रिम सावकाश म्हणाली, "डबे साठवत नाहीयेत ते. रिकामा देता येत नाही, आणि भरून दिलेला आम्ही घेत नाही. मग दार तरी कोणत्या तोंडाने उघडणार?"

तिच्याच हातांनी तिला ते सांगितलं होतं. मी पुष्कळ प्रशिक्षणं पाहिली, पण एखादं माणूस इतक्या लोकांसमोर, साहेबांसमोर, आपलंच चुकलं हे इतक्या सरळ बोलून दाखवताना क्वचित पाहिलं. त्याहून क्वचित मी पुढचं पाहिलं. मेंग बाई म्हणाल्या, "ते वाक्य मी शिकवलं. गेल्या वर्षी, याच खोलीत. नियम चुकीचा नाही. पण वाक्य म्हणून झाल्यावर समोरच्याच्या हातांचं काय होतं, ते मी शिकवलं नाही. लिहून घ्या, या वर्षी मेंग बाई पण शिकल्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. दहा जणांनी तरी जसंच्या तसं.

आता सगळे योम साहेबांकडे बघायला लागले. साहेबांना कडक म्हणून हसणं सोपं आहे, पण ते म्हणाले ते खोटं नव्हतं. "माझ्या पहिल्या नोकरीत एक आजी होती. आमच्या एका माणसाला दर महिन्याला पाकीट द्यायची. तो घ्यायचा. ती दुपारचं जेवत नाही, हे आम्हाला ती पडल्यावर कळलं. म्हणून नियम आहे. आज संत्रं, उद्या पाकीट. रेघ कुठे मारायची ते मला येत नाही, म्हणून मी अगदी दारातच मारतो."

"बरोबर आहे साहेब," ह्ये-रिम म्हणाली. आणि तिला ते खरंच बरोबर वाटत होतं, हीच तिची अडचण. "गुरुवारी जाते. काय करीन ते आज माहीत नाही."

"काही घ्यायचं नाही," साहेब म्हणाले.

ती काही बोलली नाही. आमच्याकडे साहेबांना उत्तर न देणं याचे पुष्कळ अर्थ होतात. साहेबांनी त्यातला सोयीचा घेतला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. नाव अर्थात खोटंच. ती लसूण सोलत होती. "तीन फळं परत दिली?" ती म्हणाली. "पोरगी चांगली आहे म्हणतोस ना?"

"फार चांगली."

"मग जाईल ती. चांगल्या माणसाला असं केल्यावर झोप येत नाही." आणि लसणाची टोपली माझ्याकडे सरकवली.

पुढच्या मंगळवारी मी वेळेच्या आधी पोचलो. मंडळीही आधीच आलेली. सक्तीच्या प्रशिक्षणाला लोक आधी येतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. योम साहेब पहिल्या रांगेत, समोर संध्याकाळच्या बैठकीचे कागद. ह्ये-रिम आत आली, पिशवीतून स्टीलचा एक डबा काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. खटक्यांचा, केंद्राचा. चकचकीत घासलेला.

"उघडलं?" ब्यनभाऊंनी विचारलं.

"आधी ऐकून घे."

ती उभी राहून सांगायला लागली. गुरुवारी ती जिना चढली. डबा मुठीला अडकवला नाही. थाप मारली आणि म्हणाली, "आजोबा, बान. मी आज गुडघ्याचं विचारायला आले नाही. भांडायला आले."

आत खुर्ची सरकली.

"तुमच्याकडे आमचे डबे आहेत. केंद्रात डबे नाहीत. साहेब माझ्यावर डोळे वटारतात. एक तरी द्या. रिकामा चालेल."

"माफ करा साहेब," ती मध्येच योम साहेबांना म्हणाली.

"चालू दे," साहेब म्हणाले.

मग दारामागून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, आवाज आला. घसा गंजलेल्या इंजिनासारखा. "रिकामा कसा देऊ? मला काय आईने वाढवलं नाही?"

"मलाही वाढवलंय आजोबा. तरी मी तुमची गामची फळं परत दिली. आईला कळलं असतं तर तिने मला त्याच जिन्यात झोडपलं असतं. घरी गेल्यावर फळांची आठवण येत होती. चांगली पिकली होती."

"चांगली कसली, उत्तम होती," आतून आवाज. "दोन मी खाल्ली. तिसरं नाही गेलं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. थोड्या वेळाने आतून खरवडण्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. चमच्याने जाड भांड्याचा तळ खरवडतात तसा. तिला वाटलं म्हातारा भिंत खोदतोय. मग कडी निघाली. दार आधी बोटभर उघडलं, मग हातभर.

"कसे दिसत होते?" मेंग बाईंनी हळूच विचारलं.

"वाळलेत. दाढी वाढलीय. पण स्वेटरची बटणं खालून वरपर्यंत लावलेली. माझ्यासाठी लावली असणार, कारण एक चुकून वरच्या काजात गेलं होतं."

त्यांच्या हातात डबा होता, आणि तो गरम होता. आत भाताची खरपुडी. विजेच्या कुकरला खरपुडी धरत नाही. हा माणूस अजून जाड बुडाच्या जुन्या भांड्यात भात शिजवतो. सोनेरी, कडक, तुकडे करून रचलेली.

"हे बघ," आजोबा म्हणाले, "हे फळ नाही. विकत आणलेलं नाही. भात मी खाल्ला. ही भांड्याची आहे. भांड्याने दिलेलं घ्यायला तुमच्या नियमात मनाई आहे का, ते बघून सांग."

ह्ये-रिम आम्हाला म्हणाली, "मी बघून सांगितलं नाही. घेतली. दोन्ही हातांनी."

मग ती पुढचं सांगायला लागली.

"त्यांच्या मागे ओट्यावर बाकीचे डबे दिसले. सगळे घासलेले, उपडे घातलेले. मी म्हटलं, आजोबा, तेही द्या की, मी पिशवी आणलीय. तर म्हणाले, 'एकेक करून देईन. सगळे एकदम दिले तर पुढच्या गुरुवारी तू कशाला येशील?'"

ब्यनभाऊ खिशात रुमाल शोधायला लागले. सापडला तो मोज्यांचा जोड निघाला. त्यांनी त्यानेच काम भागवलं.

"साहेब," ह्ये-रिम म्हणाली, "मी नियम मोडला. तुम्ही नको म्हणाला होतात. बैठकीत काय लिहायचं ते लिहा. पण माणूस मी डोळ्यांनी पाहिला. काम बंद करू नका."

योम साहेब उठले. टेबलापाशी आले. डब्याचे खटके त्यांनी स्वतः उघडले. ते उघडण्यात त्यांचा हात चांगला होता. आत बघितलं. इतका वेळ बघितलं, की माझ्या मनात तीन वेगवेगळे निकाल लागून गेले.

"मेंग बाई," शेवटी ते म्हणाले, "हे इथे कशासाठी आणलंय?"

मेंग बाईंची पापणीही लवली नाही. "प्रशिक्षणाचं साहित्य आहे, साहेब. सद्यकालीन आव्हान."

"साहित्य एका व्यक्तीच्या मालकीचं असतं का?"

"छे. सगळ्या वर्गाचं असतं."

"म्हणजे बानने व्यक्तिशः काही स्वीकारलेलं नाही."

"कसं स्वीकारील? ती तर फक्त घेऊन आली."

"मग साहित्याची तपासणी करावी लागेल," साहेब म्हणाले, आणि एक तुकडा मोडून तोंडात टाकला. कडाम् असा आवाज झाला. साहेब चावत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. तशा चेहऱ्यानेच माणूस संचालक होतो. "एका बाजूने करपलीय," ते म्हणाले, आणि खात्री करायला दुसरा तुकडा घेतला. मग डबा ब्यनभाऊंकडे गेला, ब्यनभाऊंकडून पुढे. सगळ्यांनी तपासणी केली. माझ्यापर्यंत आला तेव्हा कोपऱ्यातला एक चुरा उरला होता. मी सांगतो, त्या आजोबांना भात शिजवता येतो.

साहेबांनी समोरच्या कागदांतला एक कागद काढला, घडी घालून आतल्या खिशात ठेवला. "प्यो आजोबांचा विषय आज बैठकीत येणार नाही," ते म्हणाले. "सेवा चालू आहे. नियमाचं काय करायचं ते आपण सगळे बसून ठरवू. रेघ दारातून थोडी आत सरकवता येते का, ते बघू. मेंग बाई, तुम्ही याल?"

"पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाला विषय मिळाला," बाई म्हणाल्या.

ह्ये-रिमने मान खाली घातली. आभार मानले नाहीत. तिला माहीत होतं, साहेबांना ते आवडणार नाही. तिने डबा आवरायला घेतला, झाकण लावलं.

"थांब," साहेब म्हणाले. "रिकामाच नेतेस?"

"स्वयंपाकघरात नेते साहेब. परवाच्या डब्यात भाजी भरतीलच की."

"ते भरतील. पण इथून रिकामा जाऊ नये."

असं म्हणून ते मागच्या टेबलाकडे गेले. संत्र्यांच्या ढिगात बराच वेळ उलथापालथ केली, तीन निवडली, एक टवटवीत नव्हतं ते परत ठेवून दुसरं घेतलं, आणि डब्यात घातली. संत्री केंद्राच्या खर्चातली होती, त्यामुळे त्यात कुठलाही नियम मोडला गेला नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं.